वजनाची वही

मागील अंकात गुडघेदुखीविषयी लिहिले. त्यानंतर परांडा आणि बार्शी येथून वाचकांचे फोन आले. त्यांपैकी दोघांनी जवळजवळ सारखाच प्रश्न विचारला. घरातील वडीलधाऱ्यांचे हृदय कमजोर आहे हे ठाऊक असते, औषधे चालू असतात, आणि तरीही एका रात्री अचानक धाप लागून त्यांना दवाखान्यात न्यावे लागते. हे आधी कळत कसे नाही? आता म्हणे कृत्रिम बुद्धिमत्ता ते आठवडे आधी ओळखते, हे खरे का? प्रश्न माझ्या घरातलाच असल्यामुळे उत्तर जरा लांबेल. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, भूमला भुसार मालाची आडत चालवीत असत. आता दुकान पुतण्याकडे आहे, तरी दादा सकाळी गादीवर जाऊन बसल्याशिवाय राहत नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. त्यातून ते बरे झाले, पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा राहिला. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब कुंथलगिरीला गेलो होतो. आमच्याच तालुक्यातले क्षेत्र, लहानपणापासून पायाखालचे. टेकडी चढताना दादा दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा म्हणाले, "ऊन फार आहे." आम्हीही ऊनच समजलो. त्यानंतर आठवड्याभराने पुण्याहून पुतणीचा फोन आला. ती मला म्हणाली, "काका, बाबा बोलताना मध्येच श्वास घेतात. बाजारभाव सांगतानासुद्धा वाक्य तुटतं." मी म्हटले, वय झाले. त्याच सुमारास वहिनींच्या लक्षात आले होते की एका उशीवर झोपणाऱ्या माणसाला आता तीन उशा लागतात. त्यांनी ते कोणाला सांगितले नाही, कारण उशा मागणे हा काही आजार नव्हे. आणखी दहा दिवसांनी, रात्री अडीच वाजता, दादा खाटेवर उठून बसले. त्यांना आडवे होता येईना. पहाटे आम्ही बार्शीला पोहोचलो आणि ते आठ दिवस अतिदक्षता विभागात होते.

पस्तीस वर्षे मी औषधांचे दुकान चालवले. घोट्यावर बोट दाबले की खळगा पडतो का, हे मी गिऱ्हाइकांना शेकडो वेळा विचारले असेल. स्वतःच्या भावाच्या पायांकडे मात्र मी पाहिले नाही.

इंग्रजीत या आजाराला हार्ट फेल्युअर म्हणतात आणि मराठीत आपण सर्रास 'हृदय निकामी होणे' म्हणतो. हा शब्द मला पटत नाही. निकामी म्हटले की घरची माणसे हात टेकतात. वस्तुतः हृदय थांबलेले नसते. शरीराला जेवढे रक्त हवे तेवढे पुढे ढकलण्यास ते अपुरे पडत असते. रक्त कमी पोहोचले की मूत्रपिंडांचा गैरसमज होतो. शरीरात पाणी कमी झाले असे मानून ती मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. हे वाढीव पाणी आधी रक्तवाहिन्यांतील दाब वाढवते, मग फुप्फुसांत झिरपते, पायांत उतरते. दिवसा उभे असताना ते पायांत असते, रात्री आडवे झाले की छातीकडे येते. म्हणून उशा वाढतात आणि म्हणून बहुतेकांना रात्रीच दवाखाना गाठावा लागतो.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की रात्री अडीचचा तो प्रसंग रात्री अडीचला सुरू झालेला नसतो. फुप्फुसाच्या धमनीतील दाब बहुधा दोन-तीन आठवडे आधीपासून चढू लागतो. वजन त्यानंतर वाढते, सूज त्याही नंतर दिसते आणि धाप सर्वांत शेवटी लागते. आपण शेवटच्या पायरीवर जागे होतो.

आपल्या देशात हा आजार किती लोकांचा बळी घेतो याची नोंद बरीच वर्षे नव्हती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतील डॉक्टरांनी २०१३ साली १,२०५ रुग्णांची नोंदवही केली, आणि पुढे २०१९-२० मध्ये देशातील ५३ रुग्णालयांनी मिळून दहा हजारांहून अधिक रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही तयार केली. तिच्यात दिसले की आपल्याकडे रुग्णाचे सरासरी वय साठच्या आसपास आहे. पाश्चात्त्य देशांत ते सत्तरीच्या पुढे असते. म्हणजे आपला माणूस दुकानाची किल्ली अजून कमरेला असतानाच या आजारात सापडतो. रुग्णालयात दाखल झाल्यापासून नव्वद दिवसांत शंभरातील सुमारे चौदा जण दगावले. आणि ज्या औषधांनी आयुष्य वाढते असे सिद्ध झाले आहे, ती ठरल्याप्रमाणे निम्म्यांहून कमी रुग्णांना मिळत होती. हा शेवटचा आकडा मला सर्वांत अधिक टोचतो, कारण औषधे मिळत नाहीत असे नाही. डॅपाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहाची गोळी दुबळ्या हृदयालाही उपयोगी पडते असे २०१९ मध्ये दिसून आले. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तिचे पेटंट संपले आणि अनेक भारतीय कंपन्यांनी ती आणली. माझ्याच दुकानाच्या फळीवर तिचा भाव कसा कोसळला ते मी पाहिले आहे.

आता यंत्राकडे येऊ.

आपल्या पेढ्यांवर पूर्वी जुने दिवाणजी असत. एखाद्या खातेदाराची उधारी अजून थकलेली नसे, तरी दिवाणजी शेठजींच्या कानात सांगत, "याला आता माल देऊ नका." त्यांना हे कोठून कळे? एका आकड्यावरून नव्हे. हप्ता चार दिवस उशिरा आला, मालाची मागणी थोडी घटली, माणूस स्वतः न येता मुलाला पाठवू लागला, अशा पाच-सात बारीक गोष्टी एकत्र पाहून ते सांगत. कृत्रिम बुद्धिमत्ता हृदयाच्या बाबतीत करते ते याहून फार वेगळे नाही. फरक एवढाच की दिवाणजींनी चाळीस वर्षांत पाचशे खाती पाहिलेली असत आणि संगणकाला लक्षावधी नोंदी दाखवता येतात.

काही रुग्णांच्या छातीत त्वचेखाली हृदयाला चालना देणारे यंत्र बसवलेले असते. त्यातील संवेदक हृदयाचे ध्वनी, श्वासाची गती, छातीतील पाण्याचे प्रमाण, रात्रीचे ठोके आणि दिवसभराची हालचाल नोंदवत असतात. हे सर्व एकत्र करून एकच अंक काढणारी एक पद्धत नऊशे रुग्णांवर तपासली गेली व २०१७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रकृती ढासळण्याच्या दर दहा प्रसंगांपैकी सात प्रसंगांची सूचना तिने आधी दिली, आणि ती सर्वसाधारणपणे चौतीस दिवस आधी. चौतीस दिवस! दादांच्या बाबतीत कुंथलगिरीची यात्रा आणि ती रात्र यांत इतकेही दिवस नव्हते. अर्थात दहांतील तीन प्रसंग तिला कळले नाहीत, आणि प्रत्येक रुग्णामागे वर्षाला दीड या हिशेबाने खोट्या सूचनाही निघाल्या. शिवाय ज्यांच्या छातीत मुळात असे यंत्र आहे त्यांनाच तिचा लाभ, आणि त्या यंत्राची किंमत लाखांत जाते. फुप्फुसाच्या धमनीत बसवायचा एक लहानसा दाबमापकही अमेरिकेत २०१४ पासून वापरात आहे. तोही सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातला नाही.

म्हणून संशोधकांचे लक्ष स्वस्त खुणांकडे वळले आहे. त्यातली एक वाचून मी चपापलो. इस्रायलमधील संशोधकांनी अशा रुग्णांचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित केला. रुग्णालयात दाखल होताना, म्हणजे फुप्फुसांत पाणी असताना, आणि बरे होऊन घरी जाताना, अशी दोन वेळची तीच वाक्ये संगणकाने ताडून पाहिली. दोन्ही आवाजांत ओळखता येण्याजोगा फरक होता. २०२२ साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास अवघ्या चाळीस रुग्णांचा, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करता येणार नाही. पण माझ्या पुतणीने पुण्यात बसून, कोणत्याही संगणकाविना, नेमके तेच ऐकले होते. ऐकणाऱ्याने सांगितलेही होते. ऐकून घेणारा कमी पडला.

दुसरी स्वस्त खूण म्हणजे ईसीजी. हॉलंडच्या आइन्थोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे यंत्र घडवले, तेव्हा ते इतके अवजड होते की ते रुग्णापर्यंत नेणे अशक्य. म्हणून त्यांनी दीड किलोमीटरवरील रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने हृदयाचे संदेश आपल्या प्रयोगशाळेत आणवले. दूरस्थ तपासणी म्हणून आज ज्याचा गाजावाजा होतो ती शंभर वर्षांहून जुनी आहे. आज ईसीजीचे यंत्र पिशवीत मावते आणि तालुक्याच्या गावी सहज मिळते. टूडी इको मात्र सहसा मिळत नाही. त्यासाठी आम्हाला बार्शी, धाराशिव नाहीतर सोलापूर. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१९ मध्ये दाखवले की डॉक्टरांच्या डोळ्यांना सर्वसाधारण वाटणाऱ्या ईसीजीच्या पट्टीतूनही, हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद घटली आहे का, हे शिकवलेला संगणक बऱ्याच अंशी ओळखतो. पुढे बावीस हजारांवर रुग्णांमध्ये हे प्रत्यक्ष वापरून पाहिले, तेव्हा नेहमीच्या पद्धतीने हजारात सोळा जणांचे दुबळे हृदय सापडत होते, ते एकवीस जणांचे सापडले. फरक डोळे दिपवणारा नाही. पण ज्या पाच जणांना एरवी कळलेच नसते त्यांच्या घरी विचारा.

महाराष्ट्रात या दिशेने पाऊल पडले आहे, जरी ते थोडे अलीकडच्या टप्प्यावरचे असले तरी. राज्याच्या आरोग्य विभागाने २०२१ साली, हृदयविकाराच्या तीव्र झटक्यासाठी, सरकारी रुग्णालयांतील ईसीजी थेट इंटरनेटवरून पाठवण्याची योजना सुरू केली. त्यात बंगळुरूची ट्रायकॉग ही कंपनी सहभागी आहे. पट्टी आधी संगणक वाचतो, मग तज्ज्ञ डॉक्टर तपासतात आणि काही मिनिटांत निष्कर्ष परत येतो. हे झटक्यासाठी आहे, हळूहळू साचणाऱ्या पाण्यासाठी नाही. तरी दोहोंचा संबंध अगदी जवळचा. राष्ट्रीय नोंदवहीतील रुग्णांपैकी फार मोठ्या हिश्श्याचे हृदय रक्तवाहिन्यांतील अडथळ्यांमुळेच दुबळे झाले होते. झटका वेळेत ओळखून रक्तवाहिनी उघडली तर हृदयाचा स्नायू वाचतो, आणि पुढचे उशांचे प्रकरण उद्भवत नाही किंवा लांबते.

मुंबईच्या आयआयटीतील तरुणांनी करोनाच्या काळात, २०२० मध्ये, दुरून हृदयाचे व फुप्फुसांचे आवाज ऐकता येतील असा डिजिटल स्टेथोस्कोप बनवला, हेही अनेकांना आठवत असेल. असे स्टेथोस्कोप आणि संगणक यांची जोडी घालून ब्रिटनमध्ये २०५ दवाखान्यांत मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले. ज्यांना हे यंत्र लावले गेले त्यांच्यात हा आजार सापडण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. ही बातमी आपल्याकडील वृत्तपत्रांतही आली. जी बाजू कमी छापली गेली ती अशी की यंत्राने ज्यांच्यावर बोट ठेवले त्यांपैकी दोन-तृतीयांश लोकांना पुढील तपासणीत हा आजार नव्हता, आणि वर्षभरानंतर बहुसंख्य दवाखान्यांनी यंत्राचा वापर थांबवला होता किंवा तो अनियमित झाला होता. कामाच्या गर्दीत एक वस्तू जास्त, असे डॉक्टरांना वाटले असावे. कोपऱ्यात पडलेले यंत्र कोणाचे काय ओळखणार?

येथे मला दोन जुन्या प्रयोगांची आठवण द्यावीशी वाटते, कारण आमच्या घराचा निर्णय त्यांवरूनच झाला. अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर एक प्रयोग झाला. रुग्णाने रोज एका क्रमांकावर फोन करायचा आणि ध्वनिमुद्रित प्रश्नांना बटणे दाबून उत्तरे द्यायची. २०१० साली निष्कर्ष आले: काहीही फायदा नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत निम्म्याहून थोडेच लोक नियमित फोन करीत होते. यंत्राशी रोज कोण बोलणार! आठ वर्षांनी जर्मनीतील पंधराशेवर रुग्णांवरच्या दुसऱ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यात रोजचे वजन, रक्तदाब व ईसीजी बर्लिनच्या केंद्रात जाई, आणि तेथे चोवीस तास डॉक्टर व परिचारिका बसलेल्या असत. आकडा बिघडला की त्या रुग्णाला फोन करीत, औषध बदलत. येथे मृत्यूंचे प्रमाण स्पष्टपणे घटले. दोन्हीकडे रोजची खबर जात होती. बर्लिनमध्ये ती घेणारे माणूस रात्रंदिवस जागे होते.

दादांच्या नातवाने, तो बंगळुरूला संगणकाच्या क्षेत्रात आहे, आजोबांसाठी एक भारीचे मनगटी घड्याळ आणले होते. ठोके मोजणारे, ईसीजी काढणारे. मुलाचे प्रेम आहे, मी नाव ठेवणार नाही. परंतु अशी घड्याळे मुख्यतः ठोक्यांची अनियमितता टिपतात. फुप्फुसांत पाणी चढते आहे का, हे त्यांना सरळ मोजता येत नाही. आणि सूचना आलीच, तर ती जाणार बंगळुरूला. दादा झोपलेले भूममध्ये.

तेव्हा बार्शीच्या डॉक्टरांनी सांगितलेली साधी रीत आम्ही धरली. दादांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोत्यांचे वजन केले. आता सकाळी उठल्यावर, शौचास जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच हलक्या कपड्यांत त्यांनी स्वतः काट्यावर उभे राहायचे. सूनबाईंनी जुन्या रोजमेळाच्या वहीत रकाने आखले: तिथी-तारीख, वजन, उशा किती, घोट्याला सूज आहे का, देवळाच्या पायऱ्या एका दमात चढले का. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ दिसली तर वाट न पाहता डॉक्टरांना फोन.

या वहीत एक अडचण लगेच निघाली, आणि ती आपल्या सर्व घरांना लागू आहे. चातुर्मासात पालेभाज्या बंद होतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे नसते. मग ताटात काय येते? पापडाची भाजी, मुगवड्या, शेव, लोणचे, खाकरा. प्रत्येकात मीठ. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे एक लहान चमचा. आपल्या घरातील एक पापड, एक लोणच्याची फोड आणि वाटीभर शेव मिळून त्यातला मोठा वाटा संपतो. श्रावणात दादांचे वजन का चढते हे आम्हाला वहीने दाखवले. वहिनींनी आता पापडाऐवजी भिजवलेल्या डाळीची उसळ करायला घेतली आहे, अळणी वाटू नये म्हणून आमसूल आणि जिरे घालून. दादा कुरकुरतात, पण खातात.

उपवासाचे तर आणखी वेगळे. उपवास आणि पारणे यांत वजन वर-खाली होणारच. परदेशातील रुग्णांवर शिकवलेल्या संगणकाला आपले दशलक्षण पर्व ठाऊक नसते. पारण्यानंतरच्या वाढीला तो धोका समजेल, किंवा उपवासातील घटीमुळे खरा धोका त्याच्या नजरेतून सुटेल. त्याहून गंभीर बाब औषधांची. पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी, चालू असताना निर्जळी केली तर रक्तदाब घसरून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. वर उल्लेखिलेली डॅपाग्लिफ्लोझिन घेत असताना लांब उपवास केल्यास रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. गोळ्या मनाने बंद करणे त्याहून वाईट. श्रद्धेला कोणी डॉक्टर नाही म्हणत नाही, माझा तरी तसा अनुभव नाही. पण पर्वापूर्वी पंधरा दिवस त्यांना विचारावे लागते, आदल्या दिवशी नव्हे. आजारी माणसाने शक्तीनुसार तप करावे असे आपल्याकडे वडीलधारे सांगतच आले आहेत.

गेल्या कार्तिकात वहीची परीक्षा झाली. एका सोमवारी दादांचे वजन ६३.९ किलो होते. मंगळवारी ६४.८, बुधवारी ६५.५, गुरुवारी ६६.३. उशा दोन. सूज थोडी. दादा म्हणत होते, "मला काही होत नाही." त्यांना खरोखरच काही होत नव्हते, ते शेवटच्या पायरीच्या बरेच अलीकडे होते. सूनबाईंनी कोणाला न विचारता बार्शीला फोन लावला. डॉक्टरांनी वहीतले आकडे फोनवरच विचारले, पाण्याच्या गोळीचे प्रमाण चार दिवस वाढवले, रक्त तपासायला सांगितले. पुढच्या मंगळवारी वजन ६४.१ झाले. कोणी रात्री गाडी काढली नाही. नंतर कळले की दिवाळीच्या फराळातील चकल्यांचा डबा दादांच्या खाटेखाली होता.

नातवाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "काकाआजोबा, सूनबाईंच्या वहीत आहे तेच आम्ही संगणकाला शिकवतो." मी त्याला म्हटले, मग तुझ्या संगणकाला तिथीचाही रकाना शिकव. तो हसला, पण वहीच्या सर्व पानांची छायाचित्रे घेऊन गेला आहे.

ज्या वाचकांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी लिहून मागाव्यात: आमच्या माणसाचे कोरडे वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन, किती धरायचे; किती वाढले की फोन करायचा; आणि तो फोन रात्री कोण उचलेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला आम्हाला वेळ लागला.

येत्या भाद्रपदात दादांना दहा दिवस एकासने करायची आहेत. वहिनींचा विरोध आहे, सूनबाई गप्प आहेत. पुढच्या मंगळवारी वही घेऊन बार्शीला जायचे ठरले आहे.